गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला मासा

कोउराच्या बंदरात खोल पाण्याच्या जाळ्यांचा हंगाम सप्टेंबरपासून मेपर्यंत चालतो, आणि त्या हंगामात निवडणीच्या शेडमध्ये सगळ्यांच्या आधी हजर होणारी बाई म्हणजे तोमे. वय एकोणऐंशी. कंबर अशी वाकलेली की नुसती उभी राहिली तरी खाली पडलेली सुई शोधतेय असं वाटावं. तिच्या शेजारच्या ओट्यावर बसणारी उमेयो म्हणते, "देवाने हिला कामाच्या मापानेच घडवलीय. समोर टोपली ठेवली की झालं."

काम तसं सोपं. बोटी आल्या की टोपल्या ओट्यावर पालथ्या करायच्या. कोळंबी एकीकडे, लिलावाचे मासे दुसरीकडे, आणि ज्याला कोणी विचारत नाही ते उरलंसुरलं तिसरीकडे. पण बंदरासमोरच्या सुरुगाच्या आखाताची खरी गंमत त्या उरल्यासुरल्यातच. पाचशे-सहाशे मीटर खाली, जिथे ऊन कधी पोचलंच नाही, तिथली ही मंडळी. एकदा एक खेकडा आला, तो पाय पसरून असा मेला होता की शेडच्या दारातून बाहेर निघेना. शेवटी उमेयोच्या नवऱ्याने त्याला तिरका करून, नवं कपाट घरात घेतात तसा, पण उलट दिशेने काढला. एक शार्क आला होता, त्याच्या गळ्याभोवती झालर. स्वारी लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती. आणि एक काळा मासा तर स्वतःपेक्षा मोठा मासा गिळून आलेला. पोटाची कातडी फुग्यासारखी ताणलेली, आतल्या माशाचा डोळा बाहेरून दिसत होता. उमेयो त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आमचे जावई."

तोमेही हसायची. पण हसताहसता तिचे हात टोपलीच्या तळाशी गेलेले असायचे. ती एक मासा शोधत होती. एकच. तो मासा तिने एकतीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने साफ केला होता, शिजवला होता, वाढला होता आणि खाल्लाही होता. फक्त बघितला नव्हता.

ती हकिगत अशी.

कोउरात जुनी रीत आहे. ज्याच्याकडे मासे जास्त झाले तो शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराच्या दाराशी जी बादली असते तिच्यात चार मासे टाकतो, वरून ओलं फडकं घालतो आणि हाक न मारता निघून जातो. हाक मारली तर आभार मानावे लागतात, आभार मानले तर परतफेड आली, आणि मग शेजार राहत नाही, व्यवहार होतो. घेणाऱ्यानेही विचारायचं नाही की कोणाचे, कसले. बादलीत आलं ते त्याच दिवशी शिजवायचं, इतकंच.

तर फेब्रुवारीतल्या एका दुपारी तोमे देवळातली साफसफाई आटपून घरी आली. दाराशी बादली, बादलीवर ओलं फडकं. फडक्याखाली वीतभर लांबीचा एकच मासा. बाहेर अंधारून आलं होतं, स्वयंपाकघरातला दिवा गेल्या आठवड्यापासून नवऱ्याने दुरुस्त करायचा ठेवला होता. तोमेने मासा उचलला. अंग मऊ, खवले नाहीत, हनुवटीखाली दोन दोऱ्यांसारखं काहीतरी लोंबत होतं, ते तिने कापून टाकलं. मग मुळा, टोफू, पातीचा कांदा आणि मिसो घालून मोठं पातेलंभर सूप केलं.

तेवढ्यात नवरा आला. गेनझो नाव त्याचं. बोटीवर चाळीस वर्षं काढलेला, दणकट, बोलका माणूस. आणि त्याच्यामागे शाळेचे मोरिता मास्तर, बूट काढत. आता मास्तर घरात आलेत म्हटल्यावर आधी त्यांच्या हातात काहीतरी गरम द्यायचं की आधी नवऱ्याला विचारायचं, कुठून आलात, का आलात? तोमेने दोघांपुढे वाडगे ठेवले. गेनझोची चुळबूळ चालली होती, पण पाहुणा जेवत असताना मध्येच उठणं त्याच्या आईने त्याला शिकवलं नव्हतं. मास्तरांनी दोन वाडगे घेतले. म्हणाले, फारच सुरेख, रताळ्यासारखी गोडी आहे. गेनझोनेही दोन घेतले आणि बायकोचं कौतुक केलं. मग तोंड पुसून तो उठला, "चला मास्तर, आता तुम्हाला दाखवतो, जन्मात बघितला नसेल असा मासा," म्हणत दाराशी गेला.

बादली धुऊन पालथी घातलेली होती.

गेनझो त्या बादलीकडे बघत उभा राहिला. मग आत आला, पातेल्यात डोकावला आणि खाली बसून इतका हसला की त्याला ठसका लागला. मास्तरांना काय झालं ते कळेना. कळल्यावर तेही हसले. तोमे तेवढी हसली नाही. ती पदराला हात पुसल्यासारखे ॲप्रनला पुसत राहिली आणि म्हणाली, "बादलीत ठेवलंत. वर फडकं घातलंत. मग मी काय करायचं होतं?"

"बरोबर आहे," गेनझो म्हणाला. "चूक माझीच. समुद्राचं पाणी मावेल अशी दुसरी बादलीच नव्हती."

त्या दिवसापासून तो मासा गेनझोच्या तोंडी बसला. सांगायचा, जाळ्यातून निघाला तेव्हा जिवंत होता. फळीवर ठेवला तर पडला नाही, बसला. पोटाखालचे दोन पर पुढे घेऊन, गुडघ्यांवर हात ठेवल्यासारखा. मुलगी मागायला आलेला माणूस सासऱ्यासमोर बसतो ना, अगदी तसा. हनुवटीखाली दोन मिश्या, त्यांच्या टोकाला बारीक उजेड. आणि रंग! रंगाशी आला की गेनझो थांबायचा, पेल्यातला घोट घ्यायचा आणि मग सांगायचा. एका वर्षी तो रंग पिकून केशरी झालेल्या पर्सिमनच्या फळाचा असायचा, पुढच्या वर्षी पहाटेच्या ढगाचा. एकदा तर त्याने भर बैठकीत सांगितलं, "न्हाऊन आल्यावर आमच्या तोमेचे गाल असतात, तसा." तोमे त्यानंतर आठ दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

मच्छीमारांच्या एबिसु देवाच्या उत्सवात बोटवाले सगळे एकत्र पितात. दर वर्षी कोणीतरी विचारायचंच, "गेनझो, यंदा मासा कोणत्या रंगाचा?" मग हशा. पुरावा कुठे आहे म्हटलं तर, पुरावा तिघांनी खाल्ला. मास्तर होते तोवर ते मान हलवून साक्ष द्यायचे, पण मास्तरांची साक्षही चवीपुरतीच. मास्तर गेले आणि गेनझो एकटा उरला. गावात खोटं बोलणाऱ्याला कोणी टाकत नाही, उलट जवळ बसवतात. तसं त्यालाही बसवायचे.

आणि तोमे? तोमेला खरं तर वाटायचं की तो साधाच कुठला तरी मासा असणार, आणि नवऱ्याने त्याला गोष्टी सांगूनसांगून मोठा केला. तिनेच साफ केला होता ना. वेगळं असतं तर तिच्या हातांना कळलं नसतं?

दोन वर्षांपूर्वीच्या पानगळीत गेनझो गेला. शेवटचे दिवस घरीच होता, समुद्राकडच्या खोलीत. एका दुपारी तोमे त्याला गरम पाण्याने पुसत होती, तेव्हा त्याने विचारलं, "अगं, तुला तरी खरं वाटलं होतं ना?"

कशाबद्दल विचारतोय ते तिला कळलं. इतकी वर्षं त्यांच्यात त्या माशावरून थट्टा चालली होती, तशीच तिने केली. म्हणाली, "मी काय सांगणार? मी तर सूपच बघितलं."

गेनझो हसला. मान हलवली. मग डोळे मिटून पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. त्या दोन दिवसांत बोलायला वेळ होता, पण त्याने पुन्हा विचारलं नाही आणि तिनेही पुन्हा सांगितलं नाही.

तेव्हापासून तोमे सगळ्यांच्या आधी शेडमध्ये येते. गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला एक मासा दिसला की मग तिला घरी जाऊन फोटोसमोर उत्तर बदलता येणार होतं. खोटं उत्तर द्यायची तिची तयारी नव्हती. इतक्या वर्षांच्या नवऱ्याला मेल्यावर खोटं सांगायचं, हे तिच्या मनाला पटत नव्हतं.

आता सावातारीबाईंबद्दल सांगायला हवं. त्या समुद्री जीवांच्या संग्रहालयात काम करतात. वय चाळिशीचं, केस पुरुषासारखे कापलेले, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. दर मंगळवारी येतात आणि उरल्यासुरल्याच्या ढिगात हात घालून बसतात. बाटलीत एखादं बोटभर जनावर धरून, "हे कोणी अजून लिहूनच ठेवलेलं नाही," असं म्हणाल्या की त्यांचा चेहरा असा फुलतो की उमेयो म्हणते, बाईंचं लग्न झालं नाही ते बरं झालं, नवऱ्याला एवढं सुख सोसलं नसतं.

गेल्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी तोमेने टोपली पालथी केली. कोळंबी, चिखल, दोन आंधळ्यासारखे दिसणारे बाम, आणि तळाशी वीतभर लांबीचं काहीतरी. ओट्यावर पडलं आणि एका कुशीवर कलंडून राहिलं. डावा खांदा जाळ्यात चेंगरलेला. हनुवटीखाली दोन दोरे. रंग गेलेला, भिजलेल्या कागदासारखा. पोटाखालचे दोन पर पुढे दुमडलेले.

तोमेने त्याला दोन्ही हातांनी सरळ केलं. तो बसला.

तिचा अंगठा त्याच्या पाठीवरून मागे गेला. तेच मऊ अंग, तेच खवल्यांवाचूनचं. हातांना आठवत होतं. एकतीस वर्षं हातांना आठवत होतं आणि तिने हातांना विचारलंच नव्हतं.

"सावातारी-सान," ती म्हणाली, "हा मी खाल्लाय."

शेडमधल्या बाया खो खो हसल्या. "घ्या," उमेयो म्हणाली, "गेनझो गेला तर जागा रिकामी ठेवायची नाही म्हणून ही बसली."

पण सावातारीबाई हसल्या नाहीत. त्या धावत आल्या, माशाकडे बघितलं आणि हातातला चिमटा खाली ठेवून दिला. म्हणाल्या, असा मासा त्यांनी कुठल्याही पुस्तकात बघितलेला नाही. मग त्यांनी तोमेला बाजूला बसवून सगळी हकिगत विचारली. तोमेने सांगितली, सूप, मास्तर, बादली, सगळी. बाईंनी रताळ्याची गोडीसुद्धा वहीत लिहून घेतली. शेवटी हळहळून म्हणाल्या, "एकाच जनावरावरून, तेही असं चेंगरलेलं, काही ठामपणे सांगायचं म्हणजे अवघड असतं, आजी. तुमच्या त्या माशाचं काही उरलं असतं, एखादं हाड जरी..."

"हाडं आहेत की," तोमे म्हणाली.

माशाच्या खांद्यात एक हाड असतं, चपटं, आणि त्याचा आकार हुबेहूब छोट्या माशासारखा. डोळ्याच्या जागी भोकसुद्धा असतं. ते शुभ मानतात. जेवताना जपून काढायचं, धुवायचं, वाळवायचं, जवळ ठेवायचं. बहुतेक लोक सणाच्या ताम माशाचंच ठेवतात. तोमे लग्न होऊन आल्यापासून शिजवलेल्या प्रत्येक नव्या माशाचं ठेवत आली. प्रत्येक खांद्यात एक, म्हणजे माशागणिक दोन. डावं तोमेच्या डब्यात जायचं. वर्षातल्या पहिल्या नव्या माशाचं उजवं ती कापडाच्या चिमुकल्या पिशवीत शिवून गेनझोच्या गळ्यात बांधायची, म्हणजे माणूस समुद्रावरून परत येतो. बायकोने शिवलेली पिशवी उघडायची नाही, उघडली की तिच्यातलं बळ गेलं. नव्या वर्षी जुनी पिशवी समुद्रात सोडायची आणि नवी बांधायची.

डबा बिस्किटांचा, झाकणावर सशाचं चित्र. त्यात चारशेच्या वर हाडं. सावातारीबाई तीन दिवस तोमेच्या घरात चटईवर बसून राहिल्या. चिमट्याने एकेक हाड उचलायच्या, भिंगाखाली धरायच्या, नाव सांगायच्या आणि ओळीत मांडायच्या. तोमे बाजूला बसून चहा ओतायची आणि तिच्या परीने नावं सांगायची. "हा थोरलीच्या बारशाचा. हा वादळात आठ दिवस बोट अडकली होती, परत आले त्या रात्रीचा. हा खारट झाला होता, ते काही बोलले नाहीत, मलाच कळलं." बाईंनी तेही लिहून घेतलं. का घेतलं कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक हाड उरलं. नखाएवढं, पातळ, जवळजवळ पारदर्शक. त्याला नाव सापडेना. बाईंनी संग्रहालयातून आणलेला फोटो काढला. त्या चेंगरलेल्या माशाचा उजवा खांदा शाबूत होता, त्याच्यातलं हाड आरपार दिसणारा फोटो. बाईंनी आरसा आणून फोटोसमोर धरला, म्हणजे उजव्याचं डावं दिसेल. आरशातलं हाड आणि चटईवरचं हाड. कितीदा तरी बघितलं. मग आरसा खाली ठेवून त्या तोमेपुढे वाकल्या, कपाळ चटईला टेकेपर्यंत.

"तुमचे यजमान खरं सांगत होते," त्या म्हणाल्या.

तोमेने चहाची किटली उचलली, ती रिकामी होती. तरी तिने ती कपात वाकडी केली.

बाईंना ते हाड हवं होतं. दोन जनावरं म्हटली की बोलण्याला वजन येतं, त्यांनी समजावलं. तोमे लगेच हो म्हणाली. मग बाईंनी विचारलं, "याची जोडी, उजवं हाड, ते मात्र समुद्रात गेलं असेल?"

"गेलं असेल," तोमे म्हणाली, आणि मध्येच थांबली.

तिला आठवलं. त्या फेब्रुवारीनंतर आलेल्या नव्या वर्षी तिने नवी पिशवी शिवून पुढे केली, तेव्हा गेनझोने हात मागे घेतला होता. म्हणाला होता, राहू दे, हीच बरी आहे, मासे चांगले लागतायत. पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्याही. कापड विरलं की तो तिच्याकडून वरून दुसरं कापड शिवून घ्यायचा, आतलं काढू द्यायचा नाही. तिला वाटायचं, म्हातारपणाचा हट्ट. रीतीप्रमाणे पिशवी त्याच्याबरोबर जायला हवी होती. पण शेवटी अंघोळ घालताना तिने गळ्यातून काढली आणि तिच्याच्याने परत घालवली नाही. तेव्हापासून ती देव्हाऱ्यात, फोटोच्या खाली होती.

म्हणजे त्याला माहीत होतं. सूप प्यायल्या दिवशी तिने दोन हाडं धुऊन वाळत घातली, त्यातलं एक नेहमीसारखं पिशवीत शिवून बांधलं, ते कुठल्या माशाचं ते तिने लक्षात ठेवलं नाही, त्याने ठेवलं. सगळं गाव रंग विचारून हसत होतं तेव्हा पुरावा त्याच्या गळ्यात होता. एक धागा उसवला असता तर हसणारे गप्प झाले असते. पण पिशवी तोमेने शिवलेली होती.

तिने देव्हाऱ्यातून पिशवी काढून आणली. ती उघडून बघायची ओढ सावातारीबाईंच्या डोळ्यांत तिला दिसली, पण बाई शहाण्या, हात मांडीखाली घेऊन बसल्या. तोमेने पिशवी उघडली नाही. सहा पदरी कापडावरून तिने अंगठा फिरवला. सावकाश. शेपटीचा काटा, पोटाचा बाक, डोळ्याचं भोक. मग चटईवरचं हाड दुसऱ्या हातात घेऊन त्याच्यावरून अंगठा फिरवला.

"आहे," ती म्हणाली. एवढंच.

पिशवी परत फोटोखाली गेली. डाव्या हाडाला बाईंनी कापसात गुंडाळून बाटलीत घातलं. निघताना त्यांनी वही उघडली आणि शेवटचा एक प्रश्न विचारला. जिवंत असताना त्याचा रंग कोणता, हे कोणालाच ठाऊक नाही. जाळ्यातून वर येईपर्यंत तो उडून जातो. यजमान काय म्हणायचे? तोमेने विचार केला. पर्सिमन म्हणायचे, ढग म्हणायचे. तिसरं तिने सांगितलं नाही, नुसता गालाला हात लावला आणि म्हणाली, "दर वर्षी वेगळा सांगायचे. तुम्ही जागा कोरी ठेवा."

त्या संध्याकाळी तोमेने मुळा, टोफू आणि पातीचा कांदा घालून सूप केलं. मासा ताम, साधाच. पहिला वाडगा फोटोसमोर ठेवला. गुडघे दुखत होते तरी नीट बसली, हात गुडघ्यांवर ठेवून. बसल्यावर तिच्या लक्षात आलं आपण कशा बसलोय, आणि तिला हसू आलं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही विचारलं होतं ना. बघितला मी. बसतो तसाच."

वाडग्यातून वाफ निघत होती. तिने ती थांबेपर्यंत वाट बघितली. मग नेहमीप्रमाणे तो वाडगा स्वतः खाल्ला.

यंदाच्या उत्सवात बोटवाल्यांनी गेनझोच्या नावाने पेला भरला आणि रंगाचं कोणी विचारलं नाही. तोमेला ते बरं वाटलं नाही. उमेयोला म्हणाली, "विचारायला हवं होतं. त्यांना आवडायचं."

आता मासा सापडला, नवऱ्याला उत्तर देऊन झालं, तेव्हा ही थोडी उशिरा येईल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण अजूनही बोटी लागायच्या आधी तोमे धक्क्यावर असते. टोपल्या उतरल्या की धावत, म्हणजे तिच्या धावण्याने, पुढे होते आणि ओली फडकी उचलते. उमेयो विचारते, आता काय राहिलंय?

"रंग," तोमे म्हणते, आणि पुढच्या टोपलीवरचं फडकं उचलते.